विद्यार्थ्यांच्या उपग्रहात मोबाइल हाच मुख्य संगणक का नसावा?

ध्रुवतारा
एप्रिल २०१३मध्ये नासाच्या एम्स केंद्राने बाजारात मिळणारे नेक्सस फोन १० सेंटिमीटरच्या ठोकळ्यांत बसवून कक्षेत पाठवले. ग्रॅहम, बेल आणि अलेक्झांडर अशी त्या तीन उपग्रहांची नावं. पहिल्या आवृत्तीच्या सुट्या भागांचा खर्च ३,५०० डॉलर! फोनमध्ये प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा, वळण मोजणारा जायरोस्कोप सगळं जोडून, तपासून हातात येतं. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या मुलांचा 'स्वयम्' उपग्रह २०१६मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने गेला, पण त्यामागे कित्येक वर्षं होती. अशा प्रकल्पात सुरुवात करणारी मुलं उड्डाणाआधीच पदवी घेऊन बाहेर पडतात. माझं ठाम मत आहे की मोबाइलच वापरावा, संगणकाचा बोर्ड पहिल्यापासून घडवण्यात ही वर्षं घालवू नयेत.

सोल्डरगन
अजिबात पटत नाही. ते तिन्ही उपग्रह आठवड्याभरात वातावरणात जळाले. एवढ्यात किरणोत्साराची परीक्षा होत नाही. भारित कणामुळे मेमरीतला एखादा बिट उलटला तर रीसेट करून भागतं. पण लॅच-अप झालं की चिपमधून बेसुमार विद्युतप्रवाह वाहतो आणि वीज ताबडतोब तोडली नाही तर चिप जळते. शिवाय निर्वातात उष्णता वाहून न्यायला हवा नसते.

ध्रुवतारा
ते जळाले कारण कक्षाच फार खालची होती, फोन बिघडले म्हणून नव्हे. जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी त्यांचे संदेश पकडले, तुकड्यातुकड्यांनी आलेला पृथ्वीचा फोटो जोडला गेला. फोन गप्प झाला तर तो पुन्हा सुरू करायला बाहेर वॉचडॉग सर्किट होतं. लॅच-अपसाठीही प्रवाह वाढताच वीज तोडणारं सर्किट लावता येतं.

अँटेना
मी हौशी रेडिओवाला आहे. फोनचा स्वतःचा रेडिओ तिथे काही कामाचा नाही, ट्रान्समीटर वेगळा लागतोच. साध्या जीपीएस चिपाही उपग्रहाच्या वेगाला सहसा बंद पडतात, कारण त्यांच्यावर वेगमर्यादा घातलेली असते. मला ब्रिटनमधल्या सरेच्या स्ट्रँड-१ या फोन बसवलेल्या उपग्रहाची रीत आवडते. फेब्रुवारी २०१३मध्ये तो श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२०ने गेला. त्यात नेहमीचा संगणकही होता आणि फोनकडे सूत्रं नंतर सोपवायची योजना होती.

लालमाती
मंगळावरच्या इंजेन्युइटी या नासाच्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये स्नॅपड्रॅगन ८०१ होती, म्हणजे फोनचीच चिप. ५ उड्डाणं ठरली होती, ७२ झाली. आणखी काय पुरावा हवा?

सोल्डरगन
पुरावा चिपचा आहे, फोनचा नाही. ती चिप कॅमेऱ्याची चित्रं वाचून दिशा काढायची. उड्डाण सांभाळायला मोटारींसाठी बनवलेले दोन मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधले छोटे संगणक) होते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला किरणोत्सार सोसणारी एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप. चिप जरूर वापरा, पण भोवतीचा बोर्ड मुलांनीच बनवावा. वीज कुठून येते, कुठे तोडायची, हे बंद फोनमध्ये कळणारच नाही.

ध्रुवतारा
वॉचडॉग आणि वीज तोडणारं सर्किट मुलांनीच बनवावं, हे मलाही हवंय. पण उरलेली वर्षं त्यांनी उपकरणावर आणि कक्षेतून येणारी माहिती वाचण्यावर घालवावीत. सुरुवात करणाऱ्यांना स्वतःच्या उपग्रहाचा पहिला संदेश कॉलेजात असतानाच ऐकायला मिळाला पाहिजे.