अशोक सराफ यांच्या कारकिर्दीवर दीड तासाची बैठक : कोणत्या भूमिका निवडाव्यात?

पेठेतला वाचक (सोलापूर)
नमस्कार. मुरारजी पेठेतल्या आमच्या वाचक मंडळात दर महिन्याला एका कलावंतावर दीड तासाची बैठक होते आणि या खेपेस अशोक सराफ यांची कारकीर्द मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अडचण अशी की, त्यांचे नाव काढताच ‘अशी ही बनवाबनवी’तला (१९८८) धनंजय माने सगळ्यांच्या तोंडी येतो आणि चर्चा तिथेच अडते. स्टेट बँकेतली नोकरी, रंगभूमी, मराठी-हिंदी चित्रपट, मालिका, २०२३चा महाराष्ट्रभूषण आणि २०२५ची पद्मश्री, एवढा पसारा दीड तासात कसा बसवावा? मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, गंभीर भूमिकांवर भर दिल्याशिवाय ‘विनोदी नट’ हा शिक्का पुसला जाणार नाही.

जुना पिटवाला
शिक्का पुसण्याच्या भरीस पडूच नये, असे मला वाटते, कारण त्यात विनोद ही कमी प्रतीची गोष्ट असल्याची कबुली दडलेली असते. धनंजय मान्यांपासूनच सुरुवात करा, पण गाजलेली वाक्ये म्हणून दाखवू नका, तर सत्तर रुपयांचा प्रसंग आवाज बंद करून एकदा दाखवा. औषध आणणारा मित्र वारला आणि त्याच्याबरोबर घरमालकाचे पैसेही वारले, हे सांगताना सराफांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा दुखवटा असतो. ते स्वतः जरासुद्धा हसले असते, तर सुधीर जोशी यांच्या त्या हतबुद्ध चेहऱ्याला काही अर्थ उरला नसता.

त्यानंतर दोन खाकी वर्द्या शेजारी ठेवा. ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) ते दादा कोंडके यांच्या बरोबरीने उभे आहेत आणि ‘सिंघम’मध्ये (२०११) गोव्यातल्या पोलीस ठाण्यातले हेड कॉन्स्टेबल आहेत, मध्ये छत्तीस वर्षे गेली. (आमच्या पिढीने पहिला भागवत थिएटरात पाहिला आणि दुसरा नातवंडांबरोबर, हे आपले जाता जाता.)

पूर्व भागातला
हिंदी मालिकेला विसरू नये. आमचे घर तेलुगू बोलणारे, आजीला मराठी जेमतेम आणि हिंदी त्याहून कमी, तरीही ‘हम पांच’ लागली की मागावरचे काम आटोपून ती दूरचित्रवाणीसमोर येऊन बसत असे. पाच मुलींचा बाप असलेला आनंद माथुर बोलायला तोंड उघडायचा आणि आधी त्याची नजर चोरट्यासारखी भिंतीवरच्या तसबिरीकडे जायची, जिच्यातून दिवंगत पहिली बायको, म्हणजे प्रिया तेंडुलकर, त्याला टोमणे मारत असे. आजी त्या नजरेलाच हसायची. संवाद तिला कळण्याची गरजच पडत नसे. ती मालिका १९९५ची आणि ‘करण अर्जुन’ही त्याच वर्षीचा, ज्यात ते दुर्जनसिंगाचे मुनशी आहेत. घरी गांजलेला बाप आणि थिएटरात खलनायकाचा चाकर, असे दोन्ही एकाच वर्षी पाहिल्याचे मला आठवते.

तिसरी घंटा
पिटवाल्यांशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु एक गंभीर भूमिका असावीच, आणि ती ‘चौकट राजा’तली (१९९१) असावी. दिलीप प्रभावळकर यांचा नंदू हा त्या चित्रपटाचा प्राण आहे आणि सराफांचा गणा त्याच्यावर कुरघोडी करायला एकदाही जात नाही. नायकापेक्षा जास्त टाळ्या घेण्याची ज्याला सवय, त्या नटाने असे हात राखून काम करणे मला त्यांच्या कित्येक गाजलेल्या प्रसंगांपेक्षा मोठे वाटते.

रंगभूमीचे मूळही सांगा. मामा गोपीनाथ सावकार यांच्यामुळे नाटक घरातच होते आणि विजया मेहता दिग्दर्शित ‘हमीदाबाईची कोठी’मध्ये त्यांनी काम केले. बँकेतली नोकरी मात्र दोन मिनिटांत उरका. तो किस्सा सर्वांना पाठ आहे.

पेठेतला वाचक (सोलापूर)
सर्वांचे आभार. आवाज बंद केलेला प्रसंग, दोन वर्द्या, तसबीर, गणा आणि शेवटी रंगभूमी, असा क्रम ठरवला आहे. ज्येष्ठ सभासदांना गणाचा प्रसंग आधीच दाखवून ठेवीन, म्हणजे बैठकीत ते मध्येच उठणार नाहीत.