अनुभव धागा: हरणांचा हंगाम आणि फँटसी फुटबॉल, एकाच शनिवार-रविवारी (विस्कॉन्सिन)

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरण मारण्याचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवस चालतो. नेमका तेव्हाच एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) अकरावा किंवा बारावा आठवडा असतो, म्हणजे फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मोजायचा मित्रांमधला खेळ) प्लेऑफची, म्हणजे शेवटच्या बाद फेरीची, जागा ठरायची वेळ. मित्रांची टोळी जंगलातल्या केबिनवर जाते, सगळेच एका लीगमध्ये असतात आणि केबिनवर धड सिग्नल नसतो. मॅडिसन-मिलवॉकीकडची बरीच मराठी मंडळी आता सहकाऱ्यांबरोबर अशा कॅम्पला जाऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी हा धागा. जाणकारांनी आपापल्या टोपणनावाखाली नेमकं लिहावं: काय, किती, कधी, आणि कुठे बिघडतं. बढाया नकोत, तपशील हवेत.

सुरुवात मीच करते, कागदपत्रांपासून. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. तो झाला नसेल तर मेंटॉर्ड हंटिंगची सोय आहे, पण मग जाणत्या शिकाऱ्याच्या हाताच्या अंतरावरच राहावं लागतं. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांनी हे नीट वाचा: संघीय कायद्यानुसार अशा व्हिसाधारकांना बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला अपवाद आहे. त्यामुळे आधी परवाना, मगच रेंजवर मित्राची रायफल हातात. हा क्रम उलटला तर प्रकरण गंभीर होतं; शंका असल्यास वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

उत्तरेचा वारा

ताई, धागा छान. बंदुकीचं मी लिहितो.

रायफल हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी, जी काडतुसं जंगलात नेणार त्याच काडतुसांनी शून्यावर आणा, म्हणजे नेम आणि मारा एका ठिकाणी जुळवा. ब्रँड किंवा गोळीचं वजन बदललं की मारा सरकतो. पॉइंट थ्री-झीरो-एट मापाच्या काडतुसात १५० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर साधारण दोन इंच वर बसवली, तर २०० यार्डांच्या आसपास नेमावर येते. उत्तरेकडच्या दाट जंगलात ८० यार्डांपलीकडचं दिसतच नाही, तिथे सरळ १०० वर शून्य करा. बाकावरून तीन-तीन गोळ्यांचे गट झाले की बसून आणि गुडघ्यावरूनही झाडा. मचाणावर बाक नसतो.

हरणाचं मर्मस्थान म्हणजे खांद्यामागे साधारण आठ इंचांचं वर्तुळ. हरीण आडवं उभं असेल किंवा किंचित पाठमोरं तिरकं असेल तरच चाप ओढा. समोरासमोर आणि सरळ पाठमोरं सोडून द्या, कितीही जवळ असलं तरी.

चार नियम इथल्या कोर्समध्ये पहिल्याच दिवशी घोटून घेतात, आणि ते घोटण्यासारखेच आहेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री, आणि नेम धरेपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर. तिसरा नियम पहिल्या सकाळी सगळ्यात जास्त ताणला जातो, कारण जंगलात माणसं भरलेली असतात. उतारावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या हरणावर कधीही गोळी नाही. गाडीत रायफल रिकामीच हवी.

अंगावर कमरेच्या वरच्या बाह्य कपड्यांचा निदान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी पाहिजे, टोपी घातली तर तीही निम्मी. थंडी वाढली की काही जण वरून तपकिरी जाकीट चढवतात आणि नारिंगी झाकलं जातं. नारिंगी जाकीट एक माप मोठं घ्या, म्हणजे सगळ्यावरून बसेल.

आणखी एक. रात्री रायफल उबदार केबिनमध्ये आणली की दुर्बिणीच्या काचेवर आणि बोल्टवर (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता भाग) दव धरतं आणि सकाळी बाहेर ते गोठतं. बाहेरच्या कुलूपबंद, थंड खोलीत ठेवा. बोल्टवरचं जास्तीचं तेल पुसून टाका; कडक थंडीत ते दाटतं आणि फायरिंग पिन मंद पडते.

राखीव खेळाडू

फँटसीचं माझ्याकडे. क्रिकेटमधल्या रोजच्या फँटसीशी गल्लत करू नका. इथे हंगामाआधी ड्राफ्ट (पाळीपाळीने खेळाडू निवडणं) होतो आणि एक खेळाडू लीगमध्ये एकाच संघाकडे असतो. म्हणूनच चुकीचा खेळाडू मैदानात राहिला तर दुसरा सहज मिळत नाही.

गुरुवारी निघायच्या आधी पूर्ण संघ लावा, रिकामी जागा एकही नको. बहुतेक लीगमध्ये वेव्हर (कुणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंसाठीची मागणी) बुधवारी पहाटे सुटतात. बाय (त्या आठवड्यात सामना नसणं) असलेले खेळाडू, किकर (लाथेने गोल मारणारा), डिफेन्स (बचाव फळी) हे सगळं तेव्हाच निपटवा. नोव्हेंबरमध्ये किकर निवडताना बर्फापेक्षा वारा बघा. ताशी वीस मैलांच्या वर वारा असेल तर लांबच्या फील्ड गोलची संधी संघ घेतच नाहीत.

आता खरी मेख. खेळाडू आपापल्या सामन्याच्या किकऑफला कुलूपबंद होतो. गुरुवारी खेळणारा रनिंग बॅक किंवा रिसीव्हर कधीही फ्लेक्समध्ये (एकाहून अधिक पोझिशनचा खेळाडू चालणारी जागा) ठेवू नका, त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवा. फ्लेक्समध्ये सगळ्यात उशिरा खेळणारा. कारण फ्लेक्समध्ये तीन पोझिशनचे पर्याय चालतात; ती जागा रविवारपर्यंत मोकळी राहिली तर ऐनवेळी बसवायला माणूस मिळतो.

दुसरी मेख ‘क्वेश्चनेबल’ची, म्हणजे दुखापतीमुळे खेळेल की नाही नक्की नसलेल्या खेळाडूची. शुक्रवारी दुखापतींचा अहवाल येतो, पण कोण बसणार याची पक्की यादी सामन्याआधी ९० मिनिटं लागते. इथे दुपारी बाराचे सामने म्हणजे यादी साडेदहाला. तीन पंचवीसचा खेळाडू क्वेश्चनेबल असेल, तर त्याचा बदली त्याच किंवा त्यानंतरच्या सामन्यातला हवा. बाराचा बदली बाकावर असेल तर यादी लागेपर्यंत तो बंद झालेला असतो, आणि शून्य गुण पदरात पडतात.

सिग्नल नसेलच तर दोन उपाय. ईएसपीएन आणि याहूवर सह-व्यवस्थापक नेमता येतो. घरी असलेल्या कुणाला तरी नेमा आणि ‘अमुक बसला तर तमुक’ अशा दोन-तीन ओळी लिहून द्या. किंवा सगळी टोळी एकाच लीगमध्ये असेल तर कमिशनरने (लीग चालवणाऱ्याने) हंगामाआधीच नियम करावा: कॅम्पवर असलेल्याने साडेदहाच्या आधी गटात मेसेज टाकून सशर्त बदल सांगितला तर तो धरायचा. नियम ड्राफ्टच्या दिवशी लिहिलेला हवा. नोव्हेंबरात केलेल्या नियमावर भांडणं होतात. ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदतही अनेक लीगमध्ये याच सुमारास संपते, सेटिंग्जमध्ये तारीख बघून ठेवा.

रानवाटा

वेळापत्रक जुळतं, फक्त दोन दिवस वेगळे धरा. शनिवारी एनएफएल नसतं, म्हणून तो दिवस पूर्ण जंगलाला द्या. मध्य विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा सूर्य साधारण सातनंतर उगवतो आणि साडेचारच्या आधी मावळतो. गोळीबाराची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते; संध्याकाळची शेवटची वेळ मात्र नियमपुस्तिकेच्या तक्त्यात आपल्या विभागाची बघा. मचाणावर त्याच्याही अर्धा-पाऊण तास आधी बसलेलं बरं. दहा-अकराच्या सुमारास थंडीने कंटाळलेली माणसं चहा-नाश्त्याला उठून चालू लागतात आणि त्यांच्या हालचालीने हरणं उठतात. जो बसून राहतो त्याच्यासमोरून ती जातात. शनिवारी दुपारी खाली उतरू नका, डबा वर न्या.

रविवारी पहाटेची बैठक करून सव्वादहाला केबिन, साडेदहाला यादी, बाराला पॅकर्सचा (विस्कॉन्सिनचा एनएफएल संघ) सामना असेल तर तो, आणि शेवटपर्यंत न थांबता अडीचला परत मचाण. तीन पंचवीसच्या सामन्यांसाठी संध्याकाळची बैठक सोडू नये असं माझं स्पष्ट मत. फोन खिशात बंद ठेवा. काळोखात उजळलेला पडदा आणि मान खाली घातलेला शिकारी हरणाला आधी दिसतो.

वारा तोंडावर हवा. टेकाडांच्या भागात ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी खाली येते. सकाळी वरच्या कडेला बसा, संध्याकाळी तळाशी बसताना आपला गंध हरणांच्या वाटेवर जात नाही ना ते पाहा.

मचाणाबद्दल कडक राहा. पूर्ण अंगाचा हार्नेस जमिनीवरच चढवायचा आणि पाय जमीन सोडण्याआधी लाइफलाइनला (झाडाला बांधलेला सुरक्षा दोर) अडकवायचा. चढताना तीन अवयव कायम शिडीला टेकलेले. रिकामी रायफल दोरीने मागून ओढून घ्या, नळी खाली. बरेच अपघात शिडीवरून मचाणात पाय टाकताना होतात.

गोळी लागल्यावर लगेच धावू नका. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. गर्द लाल म्हणजे यकृत, चार-सहा तास. हिरवट, अन्नाचे कण म्हणजे आतडी, आठ तास किंवा जास्त. घाई केली की बसलेलं हरीण उठतं आणि मैलभर जातं. गोळी लागली त्या जागी आणि शेवटच्या रक्ताच्या थेंबाजवळ फीत बांधत जा.

खोबरं-वाटण

मांसाचं मी सांगते, कारण चांगलं हरीण पहिल्या दोन तासांत बिघडवता येतं.

कोथळा जागेवरच काढा. गुदद्वाराभोवती गोल चीर देऊन ते मोकळं करा. मग पोटाची कातडी दोन बोटांनी उचलून, पात्याची धार वर ठेवून ओटीपोटापासून छातीपर्यंत उघडा. धार खाली ठेवली की जठर फुटतं. छाती आणि पोट यांमधला पडदा दोन्ही बाजूंनी कापा, आत हात घालून श्वासनलिका शक्य तितकी वर तोडा आणि सगळं एका ओढीत बाहेर. मूत्राशय फुटलं तर तो भाग कापून टाका. मग पोकळी काठीने उघडी ठेवून टांगा. ४ अंश सेल्सिअसच्या वर हवा असेल तर आत बर्फाच्या पिशव्या भरा.

नोंदणी ऑनलाइन किंवा फोनने, हरीण हाती आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

सीडब्ल्यूडीची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा मेंदूचा जीवघेणा रोग) तपासणी करून घ्याच. हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला. प्रिऑन (हा रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) शिजवून मरत नाहीत आणि आजारी हरीण पुष्कळदा धडधाकट दिसतं. घशामागच्या लसिका ग्रंथी तपासतात, म्हणून मानेचा चार-पाच इंच भाग ठेवून डोकं नमुना पेटीत द्यायचं. निकाल येईपर्यंत प्रत्येक हरणाचं मांस वेगळं, तारीख आणि नमुना क्रमांक लिहून फ्रीझरमध्ये. खाटकाकडे सॉसेजला देणार असाल तर आपल्याच हरणाचं मांस वेगळं ठेवतात का ते विचारा. खिम्यात चार हरणं मिसळली की निकालाला अर्थ उरत नाही. सीडब्ल्यूडी पॉझिटिव्ह मांस खायचं नाही.

शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात. भोवतालचं मांस हात राखून न कापता भरपूर काढा, लहान मुलं खाणार असतील तर तांब्याची गोळीच वापरा.

आता स्वयंपाक. हरणाची चरबी बोकडासारखी नसते, मेणासारखी टाळूला चिकटते आणि उग्र लागते. ती आणि वरची चंदेरी पापुद्री पूर्ण सोलून काढा. पाठीचं मांस रश्श्यात घालू नका. मीठ, मिरपूड लावून कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्हीकडून दोन-तीन मिनिटं, मग पाच मिनिटं झाकून ठेवा. रश्श्यासाठी खांदा आणि नळ्या. आलं-लसूण, हळद, मीठ लावून रात्रभर, मग कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ३५-४० मिनिटं. चरबी नसल्यामुळे रस्सा पातळ आणि कोरडा लागतो, त्यासाठी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण नेहमीपेक्षा सवाईने घ्या आणि तेल हात आखडून घालू नका. कांदा-लसूण मसाला छान बसतो, गरम मसाला निम्मा. खिमा ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजला पाहिजे. कबाबसाठी त्यात पाचव्या हिश्शाइतकी दुसरी चरबी मिसळल्याशिवाय तो सुटतो.

राखीव खेळाडू

एक राहिलं. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइट आणि डॅलसचे सामने दिवसा असतात, तिसरा रात्री. २०२३पासून शुक्रवारीही एक असतो. कॅम्पवरून सोमवारी परतलात तर वेव्हरचे अर्ज मंगळवारी रात्रीच टाका, कारण त्या आठवड्यात गुरुवारी दुपारीच पहिल्या सामन्याचे खेळाडू बंद होतात.