पावसाळी मासेमारीबंदीनंतर होडी पाण्यात लोटण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न:
देवगडच्या खाडीकाठी आमची अठरा फुटी फायबरची होडी आहे. १ जूनला बंदी लागल्यापासून ती माडांखाली झावळ्यांनी झाकून पालथी ठेवलेली आहे. ३१ जुलैला बंदी संपेल. यंदा वडिलांना गुडघेदुखीमुळे वाकता येत नसल्याने सारे काम माझ्यावर आले आहे. तरी जाणत्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
होडी पालथी आहे तोवरच बुडावरून उघडा हात फिरवा. डोळ्याला न दिसणारी चीर बोटाला लागते. नंतर मशीन (इंजिन) अडकवण्याच्या मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. खणखणीत वाजले तर उत्तम, पण एखाद्या जागी बद्द आवाज आला तर फायबरच्या आतले लाकूड पाणी पिऊन कुजले आहे असे समजावे आणि ते बदलल्याशिवाय मशीन चढवू नये, कारण लाटेत सगळा ताण त्याच फळीवर येतो. होडी सुलटी केल्याबरोबर बुडाचे बूच बसवा. एका वर्षी माझे बूच घरीच राहिले आणि किनाऱ्यापासून शंभर हात जाईपर्यंत घोटाभर पाणी आत आले होते. आता ते मी दोरीने होडीलाच बांधून ठेवतो.

उत्तर २:
मशीनमध्ये राहिलेले जुने पेट्रोल काढून टाका. मशीन कोरडे कधीही चालू करू नका, आतला पाणी खेचणारा रबरी पंखा क्षणात जळतो. पाण्याने भरलेल्या पिंपात ते चालवून थंड पाण्याची धार नीट पडते ना, हे पाहा.

प्रश्नकर्ता:
फळी दोन जागी बद्द वाजते, त्यामुळे ती आधी दुरुस्त करून घेतो. लोटायला कोणती वेळ बरी?

उत्तर ३:
चढत्या भरतीची. काही बिघडलेच तर भरती होडीला खाडीत आत आणते, ओहोटी मात्र समुद्राकडे ओढून नेते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. म्हणजे पंचमीला पावणेचारला भरती, तेव्हा दोनच्या सुमारास होडी लोटा. ऑगस्टच्या आरंभी खाडीच्या मुखाशी लाटा जोरात असतात, म्हणून पहिली फेरी आतच मारावी. मशीन असले तरी वल्ही आणि नांगर सोबत हवेतच. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आजच नोंदवून ठेवा.