दूधसागर, जुलै महिना आणि सोबत ६८ वर्षांची आई: कसं जमवावं?

अनघा_पुणे
नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं गोव्याला निघालोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि आई. सहल खरं तर आईसाठीच आहे. १९७८ साली लग्न झाल्यावर ती बाबांबरोबर मिरजेहून मीटरगेजच्या गाडीने मडगावला गेली होती. अचानक डब्यातले सगळे एका बाजूच्या खिडक्यांकडे धावले आणि बाबांनी तिच्यासाठी जागा धरून ठेवली, ही आठवण ती दर पावसाळ्यात सांगते. बाबा गेल्या वर्षी गेले. तिला दूधसागर पुन्हा एकदा दाखवायचाय.

बेत असा आहे: दूधसागर स्टेशनवर उतरायचं, रुळांच्या कडेने चालत धबधब्यापाशी जायचं आणि परत येताना जीपने घाटाच्या पायथ्याच्या कुळें गावाला. आईचे गुडघे दुखतात, पण सपाटीवर किलोमीटरभर चालते. जमेल ना?

घाटवाट
ताई, हा बेत आधी मोडा. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे आणि तिथे ते खरोखर अडवतात. २०२३ च्या जुलैत शेकडो लोकांना रुळांवरून परत फिरवलं, काहींना उठाबशा काढायला लावल्या, ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील.

कायदा बाजूला ठेवला तरी ती जागा फार वाईट आहे. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये बोगदे. खडी ओली असली की धडधाकट माणसाचाही पाय मुरगळतो. आणि धबधब्याच्या आवाजात मागून आलेली गाडी ऐकूच येत नाही. आईंना आणि लेकीला घेऊन तर अजिबात नको.

कुळेंचो
मी इथलाच. जीपचंही सांगतो, कारण हा गोंधळ दरवर्षी होतो. जुलैत जीप नसते. वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते, वाटेत ओहोळ ओलांडावे लागतात आणि पावसात ते ओलांडता येत नाहीत. पाऊस सरल्यावर, साधारण ऑक्टोबरात, जीप सुरू होतात. एका जीपमध्ये सात जणं, लाइफ जॅकेट सक्तीचं. सकाळी लवकर काउंटरवर पोचलात तर बरं, सुटीच्या दिवशी मोठी रांग लागते.

पण काकूंचे गुडघे दुखत असतील तर ऑक्टोबरातही दोनदा विचार करा. रस्ता म्हणजे नुसते धक्के. शिवाय जीप शेवटपर्यंत जात नाही, पुढे दगडधोंड्यांवरून पायी जावं लागतं.

मिरजवाला
अनघाताई, काकूंना जे आठवतंय ते खिडकीतलं आहे ना? मग खिडकीतूनच दाखवा. धबधबा ३१० मीटर उंच, चार टप्प्यांत कोसळणारा, आणि रेल्वेचा पूल त्याच्या मधोमध. जुलैत त्याचं खरं रूप गाडीतूनच दिसतं.

फक्त गाडीची दिशा नीट निवडा, इथेच बहुतेक लोक चुकतात. पुण्याहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस घाट उतरते तेव्हा काळोख असतो, धबधब्याचा नुसता आवाज येतो. वास्कोहून निघणारी दुपारची असते, ती उजेडात घाट चढते. म्हणून जाताना बसने किंवा हवं तसं जा, येताना मडगावहून गोवा एक्सप्रेस पकडा. चालू वेळापत्रक मात्र एकदा बघून घ्या.

दुसरी गोष्ट, एसीचं तिकीट काढू नका. पावसात एसीच्या बंद काचेवर बाष्प धरतं आणि सगळं धूसर होतं. स्लीपर घ्या. काकूंना लोअर बर्थच्या कोट्यातून खालची जागा मिळू शकते, म्हणजे खिडकी आलीच.

कुळेंला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं जोडतात. चढ १:३७ चा आहे, म्हणजे सदतीस मीटरला एक मीटर वर, एका इंजिनाचं काम नाही. इंजिनं जोडल्याचा धक्का बसला की काकूंना खिडकीशी बसवा. मग बोगदे, मग सोनावळी स्टेशन. सोनावळी मागे पडलं की डोळे बाहेर. गाडी इतकी सावकाश चढते की पुलावर पोचल्यावर पाणी मनाजोगं बघता येतं. कोणत्या बाजूला आहे ते शोधायला लागत नाही, अर्धा डबा तिकडे वळतोच. काकूंनी सांगितलंय तसंच!

घाटवाट
मिरजवाल्यांना दुजोरा. दारात मात्र कुणी उभं राहू नका, पावसात पायरी निसरडी असते आणि मुलं पटकन पुढे झुकतात. घाटात दरड पडून गाड्या रद्द होतात किंवा वळवतात, म्हणून परतीनंतर एक दिवस मोकळा ठेवा.

लेकीला जंगल दाखवायचं असेल तर मोलेहून तांबडी सुर्ल्याला जा. कदंबांच्या काळातलं महादेवाचं मंदिर, काळ्या दगडाचं, शेजारून नदी वाहते. पार मंदिराजवळपर्यंत रस्ता आहे, आईंना त्रास नाही. जुलैत जळवा असतात, मीठ जवळ ठेवा.

कुळेंचो
आणि काकूंना म्हणावं, पाऊस चार दिवस मागे-पुढे झाला तरी काळजी नको. जुलैत धबधबा कोरडा नसतो.

अनघा_पुणे
मनापासून आभार सगळ्यांचे. तुमची उत्तरं आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मला कुठे खाली उतरायचं होतं गं? तूच ठरवलंस." मी तिला विचारलंच नव्हतं.

मडगाव ते पुणे स्लीपरची तिकिटं काढली, आईला लोअर मिळाला. तांबडी सुर्ल्यासाठी एक दिवस ठेवलाय आणि परतल्यावर एक दिवस रजा. एकच विचारायचंय: पुलावर खिडकी उघडी ठेवली तर पाणी आत येतं का? आईला लगेच सर्दी होते.

मिरजवाला
येतं, तुषार थेट तोंडावर येतात. एक टॉवेल आणि एक शाल हाताशी ठेवा. पण तेवढ्यासाठी खिडकी लावू नका.