पायपीआयवर नवी आवृत्ती: हाताने चढवावी की टॅगवरून आपोआप?

विदागार: एकदोन जणांनी सांभाळलेल्या पॅकेजची आवृत्ती पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजच्या सार्वजनिक साठ्यावर, हातानेच चढवावी, असं माझं ठाम मत आहे. चेंजलॉग लिहा, पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये आकडा वाढवा, जुनं डिस्ट फोल्डर (बिल्डच्या फायली जिथे पडतात ते) उडवा, 'पायथन -एम बिल्ड' चालवा, ट्वाइन या फायली चढवायच्या साधनाने 'ट्वाइन चेक' करा, आधी टेस्ट-पायपीआय या सरावाच्या जागी चढवून बघा आणि मगच खऱ्या जागी. फोल्डर उडवायचं राहिलं तर ट्वाइन मागच्या फायलीही चढवू पाहतो आणि 'फाइल आधीच आहे' अशी ४०० ची चूक येते. पायपीआयवर एकदा वापरलेलं फाइलनाव, फाइल काढून टाकली तरी परत मिळत नाही. १.४.० बिघडली की १.४.१ काढावीच लागते. यँक केलं, म्हणजे आवृत्ती मागे घेतल्याची खूण लावली, तरी ज्यांनी '==१.४.०' असं बांधून ठेवलंय, त्यांच्याकडे बिघडलेलीच उतरत राहते. म्हणून शेवटची नजर माणसाची हवी.

खटपट्या: असहमत. नजर माणसाची ठेवा, चढवायचं काम यंत्राला द्या. लॅपटॉपवर कमिट न केलेली एखादी .पीवाय फाइल व्हीलमध्ये (बसवायला तयार पॅकेज फाइलमध्ये) शिरते आणि टॅगमधला (गिटमध्ये त्या आवृत्तीला लावलेल्या खुणेवरचा) कोड वेगळा, लोकांना मिळालेला वेगळा, असं होतं. शिवाय .पायपीआयआरसी या ट्वाइनच्या सेटिंग फाइलमध्ये टोकन (चढवायची गुप्त किल्ली) उघडं पडलेलं असतं. ट्रस्टेड पब्लिशिंग, म्हणजे गिटहबवर आपोआप चालणाऱ्या वर्कफ्लोला पायपीआयने थेट तात्पुरतं टोकन देणं, एप्रिल २०२३ पासून आहे. त्यातलं टोकन १५ मिनिटांत मरतं, जपून ठेवायला काही उरतच नाही. गिटहबवर एन्व्हायर्नमेंट करून त्याला मंजुरी लावा: टॅग ढकलला की बिल्ड होईल आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत थांबेल.

विदागार: डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्रालिटिक्स या पायथन पॅकेजचं काय झालं? ८.३.४१ आणि ८.३.४२ या घातक आवृत्त्या त्यांच्याच वर्कफ्लोतून बाहेर पडल्या. बिल्डचा कॅशच (पुन्हा वापरायला साठवलेल्या फायलीच) विषारी केला होता.

खटपट्या: त्याच प्रकरणाचा पुढचा भागही बघा. ८.३.४५ आणि ८.३.४६ चढवल्या त्या रद्द न केलेल्या जुन्या टोकनने! म्हणजे ट्रस्टेड पब्लिशिंग सुरू केलं त्याच दिवशी जुनं टोकन रद्द करायचं. बिल्ड आणि पब्लिश हे दोन वेगळे जॉब ठेवा, 'आयडी-टोकन: राइट' ही ट्रस्टेड पब्लिशिंगला लागणारी परवानगी फक्त पब्लिशला द्या, आणि रिलीजच्या बिल्डमध्ये कॅश वापरूच नका.

चाचणीवाली: दोघांच्याही यादीत व्हीलची चाचणी नाही. रेपोच्या मुळाशी पायटेस्ट चालवला की बऱ्याचदा समोरचं फोल्डरच इंपोर्ट होतं. टेम्प्लेट किंवा जेसन फाइल व्हीलमध्ये आलीच नसली, तरी सगळं हिरवं दिसतं. नवं व्हेन्व्ह (वेगळं, कोरं पायथन वातावरण) करा, रेपोच्या बाहेर जा, तिथे व्हील बसवून चाचण्या चालवा. कोड एसआरसी फोल्डरमध्ये ठेवलात तर ही फसगत बरीचशी टळते.

आणि सेटअपटूल्स-एससीएम (गिट टॅगवरून आवृत्तीचा आकडा काढणारं साधन) वापरत असाल तर वर्कफ्लोत कोड उतरवणाऱ्या चेकआउटला 'फेच-डेप्थ: ०' द्या, म्हणजे सगळा इतिहास उतरतो. एरवी एकच कमिट उतरतो. टॅगवरून चालवलं नसेल तर टॅग सापडत नाही, ०.१.डेव्ह१ च्या पुढे अधिक चिन्ह आणि कमिटचा हॅश असा आकडा बनतो, आणि अधिक चिन्ह असलेली आवृत्ती पायपीआय घेतच नाही.

विदागार: टोकनचा मुद्दा मान्य. पण टॅग लावणारा आणि मंजुरी देणारा एकच माणूस असेल तर त्या मंजुरीत काय अर्थ?

खटपट्या: तेवढ्या थांब्यात आर्टिफॅक्ट (बिल्डने बनवलेल्या फायली) उतरवा, व्हील अनझिप करून आतल्या फायली आणि मेटाडेटातली आवृत्ती बघा. नाही पटलं तर नाकारा. फाइलनाव अजून खर्च झालेलं नसतं.