मदत हवी आहे: कॉलेज आणि यंत्रमाग कारखाना यांच्यात करार कसा करावा?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. टेरी टॉवेलला दोन ताणे (मागावरचे उभे धागे) लागतात, एक जमिनीचा म्हणजे खालच्या मूळ कापडाचा, दुसरा वरच्या लूपचा. लूपच्या ताण्यातला धागा तुटला की कामगाराच्या लक्षात येईपर्यंत वीतभर माल डागी होतो. इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी यावर सेन्सर बसवून दिलाय. जुन्या मागावर चालतोय, तेही दमट हवेत आणि सुताच्या एवढ्या कचऱ्यात! पोरं हुशार आहेत, यात वाद नाही.

आता प्रश्न पेटंटचा. माग, जागा, सूत आमचं; डोकं त्यांचं. मग अर्ज कुणाच्या नावावर? २०२१च्या नियमांनुसार शैक्षणिक संस्थांना पेटंट फीत ८० टक्के सवलत आहे. कारखाना सहअर्जदार झाला तर ती टिकते का? शिवाय कॉलेजला हे प्रदर्शनात मांडायची घाई आहे. अर्जाआधी जाहीर झालं तर नावीन्य गेलं असं धरतात, म्हणून मी त्यांना थांबवलंय. निदान प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज तरी आधी जाऊ दे, पुढे पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

दुसरं, केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) इनोव्हेटिव्ह योजनेत एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मदत आहे, पण अर्ज होस्ट संस्थेमार्फत (योजनेत मान्यता मिळालेल्या संस्थेमार्फत) जातो. सोलापूर किंवा इचलकरंजीत कुणी या वाटेनं गेलंय का? कॉलेजशी केलेल्या कराराचा मराठी नमुना असेल तर प्लीज टाका. सीए म्हणतो वकील बघा, वकील म्हणतो सीएला विचारा.