मदत हवी आहे: दहावीतल्या मुलाला माइटोकॉन्ड्रियल आजार, परीक्षेत जादा वेळ कसा मिळेल?

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा गोवा बोर्डाची दहावी. नुकतंच जनुकीय तपासणीत माइटोकॉन्ड्रियल मायोपथीचं निदान झालं. स्नायूंच्या पेशींना ऊर्जाच पुरत नाही. पहिलं पान सुवाच्य असतं, तिसऱ्या पानावर अक्षर ओळीखाली घसरतं, पेन बोटांतून सुटतं. थोडं थांबला की पुन्हा लिहितो. दिसायला धडधाकट, म्हणून लोकांना आळस वाटतो आणि ते त्याला फार लागतं.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) उपचार चालू आहेत, त्यामुळे औषधांचे सल्ले नकोत. शाळा दिव्यांगत्वाचा दाखला मागते, पण प्रमाण 40 टक्क्यांखाली आलंय. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत 40 टक्क्यांखालच्यांचीही सोय आहे: लिहिण्यात अडचण असल्याचं सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर तासाला किमान 20 मिनिटं जादा. त्यांची प्रत शाळेला दिली, अजून उत्तर नाही.

लेखनिक त्याला नकोय, स्वतःच लिहायचंय. गोव्यात कुणी असं प्रमाणपत्र काढलंय का, प्रत्यक्षात कुणाच्या सहीचं चाललं? पर्वरीला बोर्डाकडे पालकांनी थेट अर्ज केला तर घेतात, की शाळेमार्फतच द्यावा लागतो? आणि लेखनिकाशिवाय नुसता जादा वेळ कुणाला मिळालाय का?